‘माझ्यावर नाही, बाकीच्यांवर पडतो’: सोशल मीडिया आणि मतदानाच्या या सर्व्हेचं करू काय?

बार्शीलाइट:

नमस्कार मंडळी. एम.ए. राज्यशास्त्र भाग दोनला आहे, सोलापूर जिल्ह्यात. लघुप्रबंधाचा विषय ‘२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत सोशल मीडियाचा मतदारांवरील प्रभाव’. गूगल फॉर्म केला, कॉलेजच्या, गावाकडच्या आणि पाहुण्यांच्या ग्रुपांवर टाकला. तीनशेच्या वर प्रतिसाद आलेत.

गोची अशी झालीय. प्रश्न ११: ‘सोशल मीडियाचा तुमच्या मतदानाच्या निर्णयावर प्रभाव पडला का?’ बहुतेकांचं उत्तर ‘नाही’. प्रश्न १२: ‘इतर मतदारांवर प्रभाव पडतो असं वाटतं का?’ तेच लोक म्हणतात ‘हो, खूप’. सर म्हणाले, दोन्ही ठेवलेस तर एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) धारेवर धरतील, बारावा उडव. माझं गृहीतक ‘प्रभाव पडतो’ असं असल्यामुळे मी तर अकरावा उडवायच्या विचारात आहे. मे महिन्यात सबमिशन. जाणकारांनी सांगा.

हळद_सांगली:

एवढा विचार कशाला? २०१३ साली आयरिस नॉलेज फाउंडेशन आणि आयएएमएआयचा (इंटरनेट कंपन्यांची संघटना) अहवाल आला होता. लोकसभेच्या ५४३ पैकी १६० जागांवर सोशल मीडिया निर्णायक ठरेल म्हणून. त्यात सगळ्यात जास्त जागा महाराष्ट्रातल्या, २१. तो संदर्भ दे, गृहीतक सिद्ध.

फिरतीपेन्सिल:

बार्शीलाइट, एकही प्रश्न उडवू नकोस. तुझ्या फॉर्ममध्ये कामाचं जे काही आहे ते या दोन उत्तरांच्या मधेच आहे. ‘मला काही होत नाही, बाकीचे वाहवत जातात’ हे लोक टीव्हीबद्दल सांगतात, जाहिरातींबद्दलही सांगतात. डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन या अमेरिकन अभ्यासकाने १९८३ मध्ये यावर लेख लिहिला, तेव्हापासून ‘थर्ड पर्सन इफेक्ट’ या नावाने त्याचा अभ्यास चालू आहे. एक्स्टर्नलनी विचारलं तर एवढं सांग, धारेवर धरणार नाहीत, उलट चहा पाजतील.

मात्र अकराव्याचं ‘नाही’ हा प्रभाव न पडल्याचा पुरावा नव्हे, आणि बाराव्याचं ‘हो’ हा पडल्याचाही नव्हे. आपलं मत कशामुळे बनलं हे माणसाला विचारून कळत नाही, कारण बऱ्याचदा ते त्यालाच माहीत नसतं. म्हणून तर १९४० मध्ये समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ओहायोतल्या ईरी काउंटीत तीच सहाशे माणसं मे ते नोव्हेंबर पुन्हा पुन्हा गाठली. अध्यक्षपदासाठी रूझवेल्ट विरुद्ध विल्की अशी लढत, रेडिओचा जमाना. प्रचाराने या बाजूचा त्या बाजूला गेला असे फार थोडे निघाले. बहुतेकांचं आधीचंच मत पक्कं झालं. शिवाय रेडिओ-पेपरातलं लोकांपर्यंत थेट कमी आणि ओळखीच्या कुणा चौकस माणसाच्या तोंडून जास्त पोचत होतं.

हे शेवटचं वाक्य मला आपल्याकडे रोज दिसतं. मी बरीच वर्षं निवडणूक-सर्व्हेचं फील्डवर्क करते, आता सुपरवायझर आहे. मतदारयादीतून ठराविक अंतराने नावं काढायची आणि त्याच माणसाला शोधायचं. शेजारचा रिकामा बसलाय म्हणून त्याला विचारायचं नाही. आमचा निम्मा जीव इथेच जातो: लेक नांदायला गेलेली, मुलगा पुण्याला कंपनीत, आजोबा वारलेले पण यादीत हयात. मोहोळ तालुक्यात एका आजींना विचारलं, ‘फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप वापरता का?’ ‘न्हाय गं बाय, मला कुठं वाचता येतंय.’ फॉर्मवर ‘वापरत नाही’ला गोल केला. पुढे उमेदवारांचा विषय निघाला तर आजी एका पुढाऱ्याच्या भाषणाची नक्कल करायला लागल्या, हातवाऱ्यांसकट. सभेला गेला होता का? ‘छ्या! नातू जेवताना दावतो की मोबाइलात.’ त्या नातवाचं यादीत नाव पण नव्हतं, अजून अठरा पूर्ण नव्हती.

आता या आजी वापरकर्त्या की बिगर-वापरकर्त्या? आपल्याकडचे सगळे तक्ते ही रेघ मारून सुरू होतात आणि एका फोनवर सहा माणसं असलेल्या घरात ती रेघ कुठे मारायची हे कुणीच सांगत नाही. मतदानोत्तर सर्व्हेत आम्ही चिन्हं छापलेली नकली मतपत्रिका देतो, खूण करून घडी घालून पेटीत टाकायची, आम्हीसुद्धा बघत नाही. आजींनी घडी घातली आणि पेटीत टाकायला नातवाकडे दिली. त्याने आधी उघडून बघितली!

सांगलीकर, तो १६० चा आकडा कसा काढलाय तेवढं बघा. ज्या जागी फेसबुक वापरणारे आधीच्या विजयी मताधिक्यापेक्षा जास्त, किंवा एकूण मतदारांच्या १० टक्क्यांहून जास्त, ती जागा ‘हाय इम्पॅक्ट’. या हिशोबाने चहा पिणाऱ्यांनी देशातली प्रत्येक जागा फिरवली असती. कुणाचं मत कशाने बदललं याचा त्यात तपासच नाही.

वॉररूम_माजी:

मॅडमशी सहमत, आतल्या बाजूने सांगतो. एका उमेदवाराची वॉररूम सांभाळलीय, पक्ष विचारू नका. कुणाचं मत फिरवायचं हे आमचं काम कधीच नव्हतं. मतदारयादीवर बूथवाल्यांकडून ए, बी, सी मारून घ्यायचे: आपला, कुंपणावरचा, त्यांचा. ‘सी’च्या नादी लागायचं नाही. ‘ए’ला रोज काहीतरी पाठवत राहायचं, म्हणजे तो पारावर बसून बोलायला तयार. आणि मतदानादिवशी दुपारी दोननंतर कोण गेलं नाही त्याची यादी बूथच्या ग्रुपवर. व्हॉट्सअ‍ॅपचा खरा उपयोग एवढाच, बाकी रिक्षा पाठवायची.

रील्स मात्र साहेबांसाठी. एजन्सीने रोजचे व्ह्यूज दाखवले की साहेब खूश. मी एकदा विचारलं, यातले आपल्या मतदारसंघातले किती? एजन्सीच्या पोराने विषय बदलला. नंतर कळलं, बरेचसे पुण्या-मुंबईचे. त्यांचं नाव आपल्या यादीत तरी आहे का?

फिरतीपेन्सिल:

वॉररूमवाल्यांनी लाख बोललं. मतदानाला नेणं वेगळं आणि मत बदलणं वेगळं. ‘प्रभाव’ म्हणताना आपण दोन्हीची खिचडी करतो.

पहिल्याचा मोठा पुरावा २०१० चा. अमेरिकी काँग्रेसच्या निवडणुकीदिवशी फेसबुकने सुमारे ६.१ कोटी लोकांवर प्रयोग केला. बहुतेकांना ‘आज मतदान’ या संदेशासोबत मतदान केल्याचं सांगणाऱ्या मित्रांचे फोटो दिसले, सहाएक लाखांना नुसता संदेश, तेवढ्याच लोकांना काहीच नाही. मग सरकारी नोंदींशी ताडून पाहिलं, कारण तिथे मत कुणाला दिलं ते नाही, पण कोण मतदानाला गेलं ते कळतं. नुसत्या संदेशाने काही झालं नाही. मित्रांचे चेहरे दिसलेल्यांत मतदान ०.३९ टक्क्याने वाढलं. दिसायला चिल्लर, पण मित्रांच्या मित्रांपर्यंत धरून अंदाज ३,४०,००० जादा मतांचा निघाला. चेहरे, बघ. परत तोच ओळखीचा माणूस.

दुसऱ्याचा पुरावा शोधायला गेलं की हाती फारसं लागत नाही. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे ३५,००० लोकांना पैसे देऊन फेसबुक किंवा इन्स्टाग्राम बंद ठेवायला लावलं, काहींना सहा आठवडे. राजकीय कडवेपणा, मतदानाला जाणं, यात फरक जवळपास शून्य. फेसबुक सोडलेल्यांत ट्रम्प यांची मतं किंचित कमी दिसली, पण संशोधकांनी आधीच ठरवलेल्या कसोटीवर तो फरक टिकला नाही. यात कंपनी स्वतः भागीदार होती, हे लक्षात ठेवून वाचायचं.

आपल्याकडचा एक सांगते. २०१९ च्या लोकसभेवेळी सुमित्रा बद्रीनाथन यांनी बिहारमध्ये बाराशेच्या वर लोकांना घरी जाऊन तासभर खोटे फॉरवर्ड ओळखायला शिकवलं. सरासरीत काही फरक पडला नाही, आणि भाजप समर्थकांत तर आपल्या पक्षाच्या सोयीची खोटी बातमी ओळखण्याची क्षमता उलट घसरली. पक्ष कुठलाही असो, ‘ए’ मारलेल्या माणसाला फॉरवर्ड खरा की खोटा याच्याशी घेणं-देणं कमी असतं, असं माझं फील्डवरचं मत. हे मत आहे, निष्कर्ष म्हणून टाकू नकोस.

आणि २०२४ च घेतलंस म्हणून: जूनमध्ये लोकसभेला महाविकास आघाडी ४८ पैकी ३०, नोव्हेंबरात विधानसभेला महायुती २८८ पैकी २३० च्या वर. फोन तेच, ग्रुप तेच, अ‍ॅडमिनसुद्धा तेच. मधे लाडकी बहीणचे दीड हजार खात्यात यायला लागले, उमेदवार वेगळे, निवडणूक वेगळी. यातून सोशल मीडियाचा वाटा एका गूगल फॉर्मने वेगळा काढणार कसा? तरी दोन्ही वेळा ‘सोशल मीडियाने जिंकवलं’ असे लेख आलेच.

बार्शीलाइट:

ताई, डोकं गरगरलं, पण पटलं. अडचण अशी की आता पुन्हा फील्ड करायला वेळ नाही. विषय बदलायचा तर विभागाची परवानगी लागेल. आणि सरांना काय-वर्ग चाचणी (chi-square, दोन उत्तरांचा एकमेकांशी संबंध आहे का ते तपासणारी) हवीच आहे.

फिरतीपेन्सिल:

विषय बदलू नकोस, शीर्षकात ‘मतदारांवरील प्रभाव’च्या जागी ‘प्रभावाविषयी मतदारांची धारणा’ कर. एवढ्या बदलाला विभाग नाही म्हणत नाही, सरांच्या सहीचं पत्र जोड. काय-वर्ग लावायचीच तर अकरा आणि बाराची उत्तरं समोरासमोर मांडणारा तक्ता कर, पण दोन्ही उत्तरं एकाच माणसाची आहेत, म्हणून तिथे साधी काय-वर्ग नव्हे, मॅकनेमारची कसोटी. सरांना नाव सांगितलंस की चालेल, तीही काय-वर्गच्याच घरातली.

नमुन्याबद्दल सरळ लिही: फॉर्म माझ्या ओळखीच्या ग्रुपांवर गेला, म्हणून हा जिल्ह्याचा नमुना नाही, टक्केवारी याच लोकांपुरती. एका प्रकरणाच्या सुरुवातीलाच लिही, शेवटच्या पानावर ‘मर्यादा’ म्हणून लपवू नकोस.

वेळ नाही म्हणतोस, पण दहा-पंधरा घरं तर तुझ्या गल्लीत आहेत. तिथे प्रश्नावली नको. संध्याकाळी जा आणि एवढंच विचार: शेवटचा राजकीय व्हिडिओ कुणाच्या फोनवर बघितला, कुणी दाखवला, बघून झाल्यावर घरात काय बोलणं झालं. जसंच्या तसं लिहून घे, बोलीत. एक प्रकरण त्यातच होईल. तक्ता तयार झाला की इथे टाक, नावं आणि नंबर काढून.