मदत हवी आहे: 'लिबरल आर्ट्स'ला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी. महिला दिनाला आमच्या वाचनकट्ट्यावर अमेरिकेतल्या अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजवर, म्हणजे कृष्णवर्णीय मुलींसाठी उभारलेल्या कॉलेजवर, बोलायचंय. १८८१ साली चर्चच्या तळघरात ११ जणींवर सुरू झालेली शाळा. त्यातल्या बहुतेक गुलामगिरीतून सुटलेल्या. लिहिता यावं, बायबल वाचता यावं, एवढीच आस. १९२४ मध्ये नाव स्पेलमन कॉलेज झालं. इथवर जमलं.

अडलंय तिथल्या 'लिबरल आर्ट्स'पाशी, म्हणजे एकाच विषयात न अडकता अनेक विषयांची ओळख करून देणाऱ्या शिक्षणापाशी. 'कला शाखा' म्हटलं की आपल्याकडे 'सायन्स मिळालं नाही वाटतं' हेच डोक्यात येतं! तिथे तर भौतिकशास्त्र, गणितही त्यातच. 'उदार शिक्षण' म्हणजे सरकारी योजना वाटते. चपखल शब्द सुचवाल?

आणि तिथे कुणी शिकलं-शिकवलं असेल, तर फक्त कृष्णवर्णीय मुलींसाठी उभारलेल्या कॉलेजात वर्गातलं वातावरण नेमकं कसं वेगळं असतं, तेही कळवा.