क्राफ्ट बिअरची तुलना: नाव झाकून की नाव सांगून?

गहूप्रेमी

डूलॅली या ब्रूअरीने, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कंपनीने, २००९ मध्ये पुण्यात स्वतःची बिअर टॅपवर (नळावर) आणली तेव्हा तुलना करायला शेजारी दुसरं काही नव्हतंच. आज मुंढवा, कोरेगाव पार्क, बाणेर, बालेवाडी कुठेही बसा, गव्हाची एक तरी बिअर मिळतेच. चर्चा मात्र अजून "अमक्यांची भारी, तमक्यांची पाणचट" इथेच अडलेली. माझं मत असं की ब्रूअरीचं नाव झाकल्याशिवाय केलेली तुलना बिअरची नसते, नावाची असते.

करायची कशी ते सांगतो. शैली एकच घ्या. हेफेवाईझन, म्हणजे गव्हाची जर्मन शैलीची बिअर, सोयीची, कारण ती बहुतेक ठिकाणी असते. चार ठिकाणांहून एक-एक लिटरचा ग्राउलर, म्हणजे बिअर भरून न्यायची काचेची बाटली, आणा. आठ जण, प्रत्येकाला प्रत्येक बिअर ७५ मिली. म्हणजे एका बिअरचे ६०० मिली लागतात, उरलेलं फेसात जातं. ओतणाऱ्याने चाखायचं नाही, त्याने दुसऱ्या खोलीत ओतायचं. ग्लासांवर क, ख, ग, घ लिहू नका. "क" दिसला की लोक त्याला नकळत पहिला नंबर देतात. ४१७, ८६२ असे तीन आकडी क्रमांक टाका.

क्रम सगळ्यांना एकच ठेवलात तर सगळं वाया. पहिला घोट कोऱ्या जिभेवर पडतो, त्याला नेहमी फायदा होतो. चार बिअरसाठी हे चार क्रम वापरा, प्रत्येक क्रम दोघांना:

क ख घ ग
ख ग क घ
ग घ ख क
घ क ग ख

यात प्रत्येक बिअर प्रत्येक जागी एकदा येते आणि प्रत्येक बिअरच्या लगेच मागे दुसरी प्रत्येक बिअर एकदाच येते. तापमान ७ ते ८ अंश. फ्रीजमधून ४ अंशांना काढली तर दहा-पंधरा मिनिटं थांबा, थंडीत केळ्याचा वास दबतो. आधी वास, मग घोट. घोट गिळायचा आणि नाकावाटे श्वास सोडायचा, कारण निम्मी चव तिथेच कळते. सगळ्यांचं लिहून होईपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. एकाने "लवंग" म्हटलं की पुढच्या सगळ्यांना लवंगच लागते.

टॅपवाला

असहमत. नावाचा परिणाम होतो हे मान्य, पण तुमच्या पद्धतीत त्याहून मोठा घोळ आहे. तुम्ही बिअर मोजत नाही, बिअरचा प्रवास मोजता.

ग्राउलर टॅपखाली नुसता धरून भरला तर बिअर उसळते, कार्बन डायऑक्साईड निघून जातो आणि आत हवा शिरते. हेफेवाईझनमध्ये गॅस मुळातच जास्त असतो, म्हणून तिचं नुकसान सगळ्यात जास्त. मग बाणेरहून मुंढव्याला मे महिन्यात डिकीतून आणलेला ग्राउलर आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून चालत आणलेला ग्राउलर शेजारी ठेवून कोण जिंकणार? जवळचा.

दुसरं, केग, म्हणजे टॅपला जोडलेलं बिअरचं पिंप. केगमधली नळी तळापर्यंत जाते आणि यीस्ट तळाशी बसतं. नवा केग लावल्यावरचे पहिले ग्लास दाट, ढगाळ, पावासारख्या वासाचे. मधल्या ग्लासांत तीच बिअर बरीच स्वच्छ आणि हलकी. एका ठिकाणचा ग्राउलर केगच्या सुरुवातीचा आणि दुसरीकडचा मधला असेल, तर तुम्ही दोन ब्रूअर नाही, दोन वेळा तोलताय.

तिसरं, टॅपच्या नळ्या. त्या दर १४ दिवसांनी साधारण २ टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने धुवाव्या लागतात. राहून गेलं तर आत जिवाणूंचा थर बसतो आणि लोण्याचा नाहीतर व्हिनेगरचा वास येतो. तुमचे आठ जण ब्रूअरला नापास करतील आणि चूक असेल काउंटरमागची.

तुलना करायची तर टॅपवरच, ज्या दिवशी केग लागला त्याच्या जवळपास, आणि पूर्ण ग्लास.

कडूगोड

पूर्ण ग्लासाशी मी सहमत, पण कारण वेगळं. ७५ मिलीत नेहमी ठळक बिअर जिंकते. दोन घोटांत जास्त गोड, जास्त केळं, जास्त हॉप (बिअरला कडूपणा देणारी फुलं) असलेलीच लक्षात राहते. पण ३३० मिली संपवताना गोडवा चढतो आणि दुसऱ्या अर्ध्यात नकोसा होतो. हेफेवाईझन ही दोन घोटांची बिअर नाहीच.

आणि शैली माहीत नसताना चाखणाऱ्यांचं काय करायचं? हेफेवाईझनमध्ये केळं आणि लवंग हवीच. केळ्याचा वास आयसोअमाइल ॲसिटेटचा, लवंगेचा ४-व्हिनाइल ग्वायाकोलचा, दोन्ही यीस्टचीच देणगी. हाच लवंगेचा वास पिल्सनरसारख्या फिक्या, स्वच्छ चवीच्या बिअरमध्ये आला तर तो दोष, बहुधा जंगली यीस्ट शिरलंय. एकच वास, एकीकडे गुण आणि दुसरीकडे बिघाड. चाखणाऱ्याला शैली सांगितली नाही तर त्याच्या "आवडलं / नाही आवडलं"चा ब्रूअरला काडीचा उपयोग नाही.

गहूप्रेमी

@कडूगोड, शैली झाकायला मी सांगितलंच नाही. सगळ्या चारही हेफेवाईझन आहेत हे टेबलावरच लिहिलेलं असतं. बीजेसीपी या बिअर परीक्षकांच्या अमेरिकन संस्थेच्या नियमांनी होणाऱ्या स्पर्धांतही परीक्षकाला शैली सांगतात, कोणी बनवली ते सांगत नाहीत. माझा आग्रह तेवढाच.

@टॅपवाला, प्रवासाचा मुद्दा खरा आहे, पण त्यावर उपाय आहे. ग्राउलर आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवा. गरम काचेत थंड बिअर पडली की फेसच होतो. टॅपला नळी लावून ती ग्राउलरच्या तळाला टेकवून भरायला सांगा, आणि शक्य असेल तिथे आधी आत कार्बन डायऑक्साईड सोडायला सांगा. वर दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडा. काठोकाठ भरून उन्हात ठेवलेली काच फुटू शकते. तपकिरी काचच घ्या. पारदर्शक काचेतून ऊन लागलं की हॉपमधले कडू घटक तुटून सडका, उग्र वास येतो, आणि त्याला काही मिनिटंच पुरतात. बर्फ घातलेल्या थर्माकोलच्या खोक्यात उभे ठेवून आणा. चारही त्याच दिवशी, दोन-तीन तासांच्या आत भरलेले. भरल्याची वेळ बुचावर लिहा.

केग कधी लावला हे विचारायचं. सांगत नसतील तर त्या ठिकाणची बिअर त्या दिवशी घ्यायची नाही. नळ्यांचं मात्र मला वेगळं वाटतं. मी पैसे देतो ते ग्लासात आलेल्या बिअरचे, टाकीतल्या नाही. घाणेरडी नळी हा त्या जागेचा दोष आहे आणि तो गुणांत दिसलाच पाहिजे.

टॅपवाला

मग मथळा बदला. "कोणाची नळी स्वच्छ" असा.

ब्रूअरचा दोष की टॅपचा, हे ओळखायची साधी खूण आहे. लोण्याचा वास आला तर त्याच बिअरचा ग्लास दुसऱ्या टॅपवरून मागा. दुसऱ्यात नसेल तर नळी. दोन्हींत असेल तर ब्रूअरने आंबवणं संपल्यावर यीस्टला लोण्याचा वास देणारं डायॲसिटाइल शोषून घ्यायला वेळ दिला नाही, घाईने थंड केलं. उकडलेल्या कणसाचा वास आला तर तो बहुधा टॅपचा नसतो. तो डीएमएस या गंधकाच्या संयुगाचा, म्हणजे उकळी कमी पडली किंवा वर्ट (आंबवण्याआधीचं धान्याचं गोड पाणी) हळू थंड झालं. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे कच्ची बिअर, लवकर काढलेली. ओल्या पुठ्ठ्याचा म्हणजे हवा लागली, आणि तिथे तुमचा ग्राउलरही संशयित आहे. हे टॅपवर बसून तपासता येतं. घरी चार क्रमांकांचे ग्लास मांडून येत नाही.

आकडेमोड

मला दोन्ही बाजूंच्या गुणांवरच भरवसा नाही. बीजेसीपीच्या पत्रकात ५० गुण असतात: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला भरीवपणा ५, एकूण मत १०. हे प्रशिक्षित परीक्षकांसाठी आहे. नवखे आठ जण बसले की एकाचा ३० म्हणजे "छान", दुसऱ्याचा ३० म्हणजे "बरी". ३८ आणि ३६ यांतला फरक काढून विजेता जाहीर करणं हा निव्वळ आकड्यांचा खेळ आहे.

आधी सोपा प्रश्न विचारा: फरक कळतो का? तीन ग्लास द्या, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा ओळखा. अंदाजाने ओळखण्याची शक्यता एक तृतीयांश. सहा जणांपैकी किमान ५, आठांपैकी ६, बारांपैकी ८ जणांनी बरोबर ओळखलं तरच तो योगायोग नाही असं म्हणता येतं. क आणि ख या दोन बिअरसाठी ककख, कखक, खकक, खखक, खकख, कखख असे सहाही क्रम सारखे वाटा. दोन आवडत्या बिअरमध्ये आठातल्या चौघांनाच फरक कळला, तर कुठली श्रेष्ठ यावर भांडायचं कशाला?

एक आणखी. रंगावरून लोक ओळखतात म्हणून ही फेरी स्टीलच्या पेल्यांत घ्या. प्रत्येक घरात असतात आणि स्वच्छ असले तर वास येत नाही. रंग केवढा फसवतो हे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोर्दोच्या प्रयोगात दिसलं: पांढऱ्या वाइनला लाल रंग दिला, तर वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं.

आमसूल

हे सगळं हेफेवाईझनला ठीक आहे. पण पुण्यातल्या ब्रूअरी हापूस, कोकम, गूळ, ज्वारी-बाजरी वापरू लागल्या तर तुमचं पत्रक काय सांगणार? कोकम घातलेली आंबट बिअर काही न सांगता पुढे ठेवा, निम्मे लोक "बिघडली" म्हणून बाजूला सारतील. तीच "कोकम आणि सैंधव" म्हणून द्या, सोलकढी ओळखणारी जीभ लगेच जागी होते. माहिती हा चवीचा भाग आहे. आईने केलेल्या आमटीची चव कोणी झाकून घेतं का?

अमेरिकेत ली, फ्रेडरिक आणि एरिअली यांनी पबमधल्या लोकांवर केलेला, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग हेच सांगतो. बिअरमध्ये बाल्सॅमिक व्हिनेगरचे काही थेंब घातले. आधी सांगितलं तर लोकांना ती आवडेना. म्हणजे माहितीने चव खरंच बदलते, लोक खोटं बोलत नाहीत.

गहूप्रेमी

त्याच प्रयोगाचा उरलेला भाग महत्त्वाचा आहे. न सांगता दिली तेव्हा बऱ्याच जणांना व्हिनेगरवालीच जास्त आवडली. आणि चाखल्यावर, पण मत देण्याआधी सांगितलं, तरी आवड फारशी ढळली नाही. म्हणजे माहिती आधी मिळाली तरच चव बिघडते. नाव नंतर उघडा, एवढंच मी म्हणतोय.

कोकमाचं मान्य. फळाच्या बिअरच्या गटात स्पर्धेतही घातलेलं फळ जाहीर करावंच लागतं. तेव्हा पाटीवर शैली आणि जाहीर केलेले घटक लिहा, झाकायचं ते ब्रूअरीचं नाव आणि किंमत. ₹४०० चा ग्लास ₹२५० च्या ग्लासापेक्षा चांगला लागायचं निम्मं कारण ते ₹१५० असतात.

फेस

मधेच. तुमची सगळी गणितं ग्लासावर येऊन थांबतात आणि त्यावर कोणी बोललंच नाही. भांड्याच्या साबणाचा आणि तेलाचा अंश ग्लासात राहिला की फेस बसतो, आणि गव्हाच्या बिअरला फेसच नसेल तर वास कुठून वर येणार? ग्लास ओला करा. पाण्याची सलग चादर राहिली तर स्वच्छ, थेंब-थेंब तुटले तर चिकट. कापडाने पुसू नका, पालथे घालून वाळवा. फ्रीझरमधला ग्लास नकोच, आतल्या बर्फाने बिअर पातळ होते आणि उसळते.

चाखताना तोंड साफ करायला साधं पाणी आणि लादीपाव. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असतो, उकळून गार केलेलं घ्या. बाकरवडी, शेव, चिवडा नंतर. तिखटाने जीभ बधिर होते. मोगऱ्याचा गजरा, अत्तर, उदबत्ती यांतलं काहीही खोलीत नको, हेफेवाईझनचा वास त्यांच्यापुढे टिकत नाही.

आणि गाडी घरी. चार नमुने मिळून ३०० मिली, ५ टक्क्यांनी १५ मिली शुद्ध अल्कोहोल होतं. वर तीन पेल्यांची फेरी. रक्तात १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅमची कायदेशीर मर्यादा गाठायला फार लागत नाही.

कडूगोड

ग्लासाचं उत्तम सांगितलंत. पण माझा मूळ प्रश्न तसाच आहे: दोन घोटांवरून ग्लासाचा निकाल कसा लावायचा?

गहूप्रेमी

पटलं नाही. पूर्ण ग्लास चार दिले तर तिसऱ्यानंतर कोणाला काय कळणार?

कडूगोड

चार नको, दोनच द्या. ७५ मिलीच्या फेरीत वर आलेल्या दोन बिअर, वेगवेगळ्या दिवशी, प्रत्येकी ३०० मिली, क्रमांक बदलून. कोणाला गुण विचारू नका. वीस मिनिटांनी उरलेली बिअर स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, ग्लासाचं वजन वजा करा. जी कमी उरली ती जास्त प्यायली गेली. जिभेवर ठसणारी आणि पोटात जाणारी, या दोन वेगळ्या बिअर निघाल्या तर मी म्हणत होतो ते खरं. एकच निघाली तर ७५ मिली पुरेसे, आणि मी माझा हट्ट सोडेन.

टॅपवाला

करा. फक्त ते ३०० मिली ग्राउलरमधून नको, टॅपवरून.