देवगडला घरी टेपवर रेकॉर्डिंग करायचंय, जुनं मशीन घेऊ का?

देवगड_किनारा:
मंडळी नमस्कार. आमच्या जांभ्याच्या घरात माडीवरची एक खोली रिकामी आहे, तिथे छोटा अ‍ॅनालॉग स्टुडिओ करायचं मनात आहे. कॉम्प्युटर नको, टेपच हवी. वाडीतल्या बुवांचं भजन नीट भरून ठेवायचंय, पेटी, पखवाज, झांजा, मागे कोरस, आणि जमलं तर दशावतारातली पदं पण. मुंबईत एकजण चार ट्रॅकचं (चार आवाज वेगवेगळे भरता येतील असं) स्पूल मशीन देतोय, अमेरिकेतून आलेलं, ११७ व्होल्टचं, सोबत अ‍ॅम्पेक्स ४५६ च्या जुन्या टेपा फुकट. म्हणतो स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लावला की झालं. घेऊ का? आणि इथल्या हवेत टिकेल का, आमच्याकडे पावसात कपाटातल्या कपड्यांनासुद्धा बुरशी येते.

स्पूलवाला_रत्नागिरी:
आधी ट्रान्सफॉर्मरचं सांगतो. तो व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ (विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं) तेच राहतात. अमेरिकेत ६०, आपल्याकडे ५०. मशीनची कॅप्स्टन मोटर (टेप ओढणारी) सिंक्रोनस असेल (त्या काळातल्या बऱ्याच मशीनची असते) तर ती लाईनच्या हर्ट्झवर फिरते, म्हणजे इथे सहावा हिस्सा हळू. तुम्ही भरून तिथेच ऐकलंत तर कळणार नाही, पण दुसरीकडे बरोबर स्पीडला भरलेली टेप लावलीत की काळी चारची पेटी पांढरी चारच्याही जरा खाली ऐकू येईल. ५० हर्ट्झची पुली मिळाली तर ठीक, नाहीतर रेव्हॉक्स ए७७ सारखं बघा, त्याची मोटर सर्वोवर (स्पीड स्वतःच सांभाळणाऱ्या सर्किटवर) चालते आणि व्होल्टेज मागे बदलता येतं, फक्त ट्रॅक दोनच.

आणि त्या फुकटच्या टेपा मशीनला लावूच नका!! ४५६ ची ७०-८० च्या दशकातली टेप हवेतला ओलावा पिते, तिचा बाइंडर (चुंबकी थर धरून ठेवणारा गोंद) सुटतो आणि हेडवर डांबरासारखा चिकटून बसतो, टेप किंचाळायला लागते. आत जुनं रेकॉर्डिंग असेल तर साधारण ५४ डिग्रीवर काही तास भाजून एकदा कॉपी काढतात, पण नवीन भरायला ती टेप कामाची नाही. फ्रान्समधली आरटीएम आणि अमेरिकेतली एटीआर अजून नवीन टेप बनवतात. महाग आहे, पण तुमचे बुवा पुन्हा तसे गातीलच असं नाही.

माडाखाली:
आधी खोली सुकी कर, मगे मशीनची बात. आमच्या वेंगुर्ल्यात खारो वारो स्विच नि फेडर (आवाज कमीजास्त करूचे सरकते खटके) खाता, पावसाळ्यात वापरूक नाय तर सगळो खरखराट. टेपा हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेव, आणि जून ते सप्टेंबर मशीन मधे मधे तासभर चालू ठेव.

कॅसेटवेडा_चिपळूण:
दादा, चार ट्रॅकच हवे असतील तर स्पूल कशाला, कॅसेटचा पोर्टास्टुडिओ घ्या, म्हणजे चार ट्रॅकचा रेकॉर्डर आणि मिक्सर एकाच डब्यात. टास्कॅमने पहिला १९७९ ला काढला, १४४. नंतरचे २४४, ४२४ पण चालतील. मोटर डीसी असते म्हणून हर्ट्झचा प्रश्नच येत नाही, अ‍ॅडाप्टर किंवा ट्रान्सफॉर्मर तेवढा बरोबर हवा. कॅसेट क्रोमची लावायची. चारही ट्रॅक एकाच दिशेने जातात (कॅसेट उलटून दुसरी बाजू भरता येत नाही) आणि स्पीड दुप्पट, म्हणून सी-६० वर १५ मिनिटंच मिळतात, गजर लांबवणाऱ्या बुवांना हे आधीच सांगून ठेवा.

झांजांची मात्र खरी काळजी घ्या. कॅसेटवर वरच्या पट्टीतला आवाज लवकर भरतो, लेव्हल चढवली की झांज फुटत नाही, ती मऊ होऊन फिसफिसते. झांजवाल्यांना माईकपासून चांगलं लांब बसवा आणि त्या ट्रॅकची सुई शून्याच्या बरीच खाली ठेवा. डीबीएक्स (टेपचा हिस्स कमी करणारं सर्किट) लावलंत तर पखवाजाच्या थापेमागे हिस्स वरखाली होताना ऐकू येतो, म्हणून मी एकदा लावून, एकदा न लावता ऐकून मगच ठरवतो. माईक डायनॅमिकच, शुअर एसएम५७ सारखा. कंडेन्सर दमट हवेत कुरकुरतो.

अर्थिंगचं पण बघा, उन्हाळ्यात जांभ्यात खड्डा कोरडा पडतो आणि ५० हर्ट्झची हम सगळ्या ट्रॅकवर येते. खड्ड्यात पाणी सोडत रहा. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्याच्यावर रेकॉर्डिंग करूच नका.

देवगड_किनारा:
ठरलं, स्पूल मशीन नको. लॅमिंग्टन रोडला पुढच्या महिन्यात जाणारच आहे, कुणाकडे ४२४ दिसला तर तिथेच उभ्या उभ्या काय तपासू?

कॅसेटवेडा_चिपळूण:
पिंच रोलर (टेप दाबून ओढणारं रबरी चाक) बोटाने दाबा, चकाकत असेल किंवा चिकट लागला तर बदलावा लागेल, तो मिळतो. हेडवरून नख अलगद आडवं फिरवा, टेपच्या कडेच्या जागी खोबणीत अडकलं तर हेड झिजलंय, त्या भावात सोडून द्या. घरून एक कोरी कॅसेट न्या आणि चारही ट्रॅकवर स्वतः बोलून भरून ऐका, विकणाऱ्याच्या कॅसेटवर जाऊ नका. फेडर खरखरले तर घाबरू नका, कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुतेक सुटतात. बेल्ट तर बदलायचेच हे धरूनच भाव करा.