पिशवीचा बंद जोडतो तिथेच कापड फाटतंय, काय करू?

सुईदोरा: आईची जुनी मांजरपाटाची चादर होती तिची बाजाराची पिशवी शिवली, दिसायला मस्त झाली, पण पहिल्याच दिवशी दोन किलो कांदे आणि नारळ घातला तर बंदापाशी टर्रकन फाटली. टीप जशीच्या तशी, कापडच गेलं. खूप वाईट वाटलं हो.

टाकेवाली: अगं जुनी चादर विरलेली असते, सगळा भार त्या दोन बोटं जागेवर येतो. बंद वरच्या दुमडीत नुसता खोचू नकोस, दीड-दोन इंच खाली आण, आतून जाड कापडाचा तुकडा लाव आणि चौकोनी टीप घालून मधे फुली मार. मी अशीच शिवते, चार वर्षं झाली, अजून शाबूत आहे.

काजबटण: तुकडा जुन्या जीन्सचा घ्या. फक्त सुई 16 नंबरची हवी, आणि पदर जास्त झाले की मशीन अडतं तेव्हा पाय न मारता चाक हाताने फिरवा, नाहीतर सुई मोडते.

टाकेवाली: आणि हो, बूड पण कर. पिशवी उलटी करून खालचा कोपरा त्रिकोणी दाबायचा, टोकापासून 2 इंचावर आडवी टीप, दोन्हीकडे. 4 इंचाचं बूड मिळतं, कांदे नीट बसतात.

सुईदोरा: चौकोन-फुली आजच करते. फाटलेला भाग कापून पिशवी थोडी आखूड होईल, चालेल, चादर टाकवत नाही.