प्रति: चष्मा लागला की अंतराळवीर व्हायचं विसरायचं का?

वर एका भावानं लिहिलंय की चष्मा लागला की विषय संपला, तसं नाही ओ. नासाला चष्मा लावून नजर 20/20 (म्हणजे नॉर्मल) होत असली तरी चालतं, खरी गाळणी पुढं आहे, सायन्स-इंजिनिअरिंगमध्ये मास्टर्स, वर तीन वर्षांचा अनुभव नाहीतर मुख्य पायलट म्हणून हजार तास, त्यातले बहुतेक जेटवर, आणि 2024 ला 8000 च्या वर अर्ज आले त्यातनं घेतले फक्त दहा. आपल्या इस्रोच्या गगनयानला (माणसं अंतराळात न्यायची मोहीम) तर पहिले चौघंही एअरफोर्सचे टेस्ट पायलट, त्यांची मेडिकल निवड बेंगळुरूला झाली आणि ट्रेनिंग रशियात स्टार सिटीला, परत येताना कॅप्सूल (अंतराळवीर बसतात ती कुपी) भलतीकडंच उतरलं तर बर्फात, दलदलीत, समुद्रात कसं तगायचं तेपण शिकवतात.

इथं कोल्हापुरात तालमीतल्या पोरांना वाटतं बॉडी कमावली की झालं, पण मला सगळ्यात भारी वाटतं ते नासाच्या ह्यूस्टनच्या 40 फूट खोल पाण्याच्या टँकमधलं काम, तिथं अंतराळात यानाबाहेर काम करायची प्रॅक्टिस करतात. स्पेससूटला वजनं आणि फोम असा लावतात की माणूस ना बुडतो ना वर येतो, तसंच पाच-सहा तास काम करायचं. आणि आत सूटमध्ये गुरुत्वाकर्षण असतंयच की, उलटं झालं की रक्त डोक्यात उतरतं, हवा भरलेले ग्लोव्हज मिटून मिटून बोटं दुखून येतात. तिथं ताकदीपेक्षा डोकं शांत ठेवणं जास्त लागतं.

आणि त्याआधी पोहण्याची टेस्ट असते, फ्लाइट सूट आणि बूट घालून, पंचगंगेत पोहायला शिकलेल्या आपल्या पोरांना तेवढं तरी नक्की जमेल.