पांढऱ्या डागांची श्रेणी आणि रक्तदाब
मेंदूच्या एमआरआयमध्ये पांढरे डाग (बहुधा बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्याच्या खुणा) दिसले म्हणजे स्मृतिभ्रंश सुरू झाला, असे म्हणणे मला घाईचे वाटते. साठीनंतर असे थोडेफार डाग बहुतेकांच्या मेंदूत सापडतात, म्हणून ते किती आणि कुठे आहेत हे पाहावे लागते. १९८७ पासून वापरात असलेल्या फाझेकास श्रेणीत मेंदूतील पोकळ्यांच्या कडेचे आणि खोलवरचे डाग वेगवेगळे तपासून प्रत्येकी ० ते ३ गुण देतात. खोलवरचे ठिपके एकमेकांत मिसळून मोठे पट्टे झाले की ३. माझ्या आईची श्रेणी २ होती. तिला नावे, तारखा अचूक आठवत, पण पोह्यांच्या फोडणीत मोहरी तडतडली की पुढे काय घालायचे यापाशी ती थबकायची. या बदलांत पुष्कळदा विचारांचा वेग आणि कामाचा क्रम आधी ढासळतो, त्यामुळे केवळ शब्द आठवायला लावणाऱ्या चाचणीत हा दोष निसटू शकतो.

या डागांच्या वाढीशी रक्तदाबाचाही संबंध आहे. अमेरिकेतील स्प्रिंट माइंड या वैद्यकीय अभ्यासाच्या २०१९ मधील निष्कर्षांनुसार, वरचा रक्तदाब १२० च्या खाली आणण्याचे उद्दिष्ट असलेल्या गटात सुमारे चार वर्षांत डागांचे आकारमान ०.९२ घन सेंटिमीटरने वाढले, तर १४० च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट असलेल्या गटात १.४५ ने. आईचा रक्तदाब आम्ही आता रोज सकाळी मोजून वहीत लिहितो.