पेरणीआधी मक्याचा सौदा करावा का?

सिल्लोडकर
मे महिन्यात खरेदीदार गावात येतात. सुगीचा मका आज ठरलेल्या भावाने द्या म्हणतात, वर थोडा इसार देतात. माझं मत, सौदा करावा, पण भाव आपल्या खर्चाच्या वर असेल तरच. आणि वाईटातल्या वाईट साली जेवढं पिकलं, तेवढाच माल बोलावा. माझं रान एरवी एकरी 20 क्विंटल देतं, अतिवृष्टीच्या साली 8 वर थांबलं. म्हणून एकरी 8 च बोलायचे. सौदा आधीच का? दिवाळीच्या आगेमागे सगळ्यांचा ओला मका एकदम मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात येतो आणि उधारीवाले दारात असतात. 2025-26 ला मक्याचा हमीभाव क्विंटलला 2400 होता, मोंढ्यात सौदे त्याच्या बरेच खाली झाले.

कोरडवाहू लातूर
अजिबात पटलं नाही, दादा. पावसाचा पत्ता नाही आणि माल विकून बसायचं? सप्टेंबर 2025 ला मराठवाड्यात पिकासकट माती वाहून गेली. तिथे 8 क्विंटल कुठून आणायचे, बाजारातून विकत घेऊन? बरं, एकरी खर्च 24 हजार धरा, भाव 2000. खर्च निघायलाच 12 क्विंटल लागतात. तुमच्या 8 क्विंटलने 16 हजार सुटले. बाकीचे 8 हजार बाजाराच्याच भरवशावर ना?

सिल्लोडकर
बियाणं, खत, लष्करी अळीच्या फवारण्या, एवढी उधारी त्या 16 हजारांत फिटते. ती फिटली की उरलेला मका पडत्या भावात काढावा लागत नाही. बाजार समितीत तारण ठेवता येतो, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज, व्याज 6 टक्के. आणि रान वाहून गेलं तर माल द्यायची जबाबदारी नाही, हे कागदावर नसेल तर सही करायचीच नाही.

मोंढा भोकरदन
मी आडतीवर बसतो. भावावर भांडताय, पण शेतकरी मार खातो ओलाव्यात. सौदा 14 टक्क्यांचा असतो, सुगीला मका 22 चा येतो. तसा 1 क्विंटल वाळवला की साधारण 91 किलो भरतो. म्हणजे घट 9 किलोची. कडता, म्हणजे ओलाव्यापोटी वजनातली कपात, त्याहून जास्त कापला तर चांगला भावही पाण्यात. किती टक्क्याला किती किलो, हे आधीच लिहून घ्या. तोंडी सौदा आमच्याशीही करू नका.

कोरडवाहू लातूर
काका, हे लाख मोलाचं बोललात. पण माझा मुद्दा वेळेचा आहे. ऑगस्टअखेर कणसं भरताना दिसली की बोला सौदा. तेव्हा निदान रानात काय आहे ते दिसतं.

सिल्लोडकर
ते खरेदीदारालाही दिसतं, भाऊ. पीक चांगलं दिसलं की तो भाव पाडूनच बोलतो. 2021 आठवा. जुलै-ऑगस्टला लातुरात सोयाबीन दहा हजारांच्या घरात होतं. ऑगस्टमध्येच केंद्राने 12 लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली, आणि नवा माल येईस्तोवर भाव निम्म्याच्या आसपास. पेरणीच्या दिवसांतली तेजी सुगीपर्यंत टिकेल हे धरून चालायचं नाही.

कोरडवाहू लातूर
अर्धीच गोष्ट सांगितलीत. 2022 उजाडल्यावर तेच सोयाबीन 7 हजारांच्या वर गेलं. ज्यांनी घरात ठेवलं त्यांचं भलं झालं.

सिल्लोडकर
ज्यांना ठेवणं परवडलं त्यांचं. उधारी डोक्यावर असलेल्याने ऑक्टोबरातच विकलं. मी त्याच्याचसाठी एकरी 8 क्विंटल म्हणतोय.